निरगाठ आणि सुरगाठ



आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायची एक दोरी आहे. साधी, नायलॉनची. पूर्वी ती मी बांधायचो. महिन्यातून दोनदा तरी ती सैल पडायची, की मी तिला आणखी एक गाठ मारायचो. गाठीवर गाठ बसून त्या टोकाला लिंबाएवढा गोळा झाला होता. एका रविवारी माझ्या थोरल्या मुलीनं तो गोळा सुरीनं कापून टाकला. ती तेव्हा आठवीत होती. तिनं दोरीचे दोन वळसे कडीभोवती घेतले, दोन अर्ध्या गाठी मारल्या आणि म्हणाली, "झालं." या गोष्टीला आता तीन वर्षं होतील. ती दोरी पुन्हा सैल पडली नाही. आणि गॅलरीला रंग द्यायच्या वेळी सोडायला गेलो, तर एका हातानं सुटली!

आमची आई म्हणायची, गाठी दोन प्रकारच्या. एक निरगाठ आणि दुसरी सुरगाठ. निरगाठ बसली की बसली, मग ती दातांनी सोडवा नाहीतर कात्रीनं कापा. सुरगाठ मात्र हवी तेव्हा सुटते. माझ्या मुलीनं मारलेल्या गाठीत दोन्हींचा गुण होता. ताण होता तोवर ती घट्ट राहिली आणि काम संपल्यावर सुटली. हे ती शाळेच्या स्काउट-गाइडमध्ये शिकली होती. तिच्या पाठोपाठ दोन वर्षांनी लहान असलेला धाकटाही स्काउट झाला. आज मी तुम्हाला जे सांगणार आहे, ते या दोघांचं कौतुक आहे, हे मी आधीच कबूल करतो. बापानं मुलांचं कौतुक चारचौघांत करू नये म्हणतात. पण या कौतुकात माझ्या फजितीचाही वाटा बराच आहे, तेव्हा ऐकून घ्यावं.

मी मूळचा भोर तालुक्यातल्या एका खेड्यातला. नीरेच्या पाण्यात पोहायला शिकलो, चूल पेटवली, जनावरं वळली, अंधारात बांधावरून चाललो. यातलं काहीच मला कुणी 'शिकवलं' नाही. घरच्यांच्या मागेमागे फिरता फिरता ते आपोआप येत गेलं. पुढे नोकरीसाठी पुण्याला आलो, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, मुलं झाली. आणि एके दिवशी लक्षात आलं, की सातवीतल्या माझ्या मुलीला काडेपेटीची काडी ओढता येत नाही. ती भीत होती. गॅसला लायटर, देवापुढे विजेचा दिवा. काडी ओढायची वेळ येणार तरी केव्हा? आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला न बोलता जे दिलं होतं, ते माझ्यापाशी येऊन थांबलं होतं. पुढे गेलंच नव्हतं.

तरीही शाळेतून स्काउट-गाइडचा कागद आला, तेव्हा मी सही करायला तयार नव्हतो. अभ्यासाचं काय? क्लास बुडेल त्याचं काय? धाकट्याला तर लहानपणापासून दम्याचा त्रास. थंडी, धूळ, धूर यांपासून आम्ही त्याला जपत आलो होतो. सही शेवटी माझ्या पत्नीनं केली. "तुम्ही किती दिवस त्याच्या मागे स्वेटर घेऊन पळणार?" असं ती म्हणाली. या वाक्याचा पुढे संबंध येणार आहे.

ही चळवळ सुरू कशी झाली, ते थोडक्यात सांगतो. बेडन पॉवेल हे इंग्रज लष्करी अधिकारी. १९०७ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी इंग्लंडमधल्या ब्राउन्सी नावाच्या बेटावर सुमारे वीस मुलांचं शिबिर घेतलं. त्यात बड्या घरची मुलं होती आणि कामकऱ्यांचीही होती. ती सगळी एकत्र तंबूंत राहिली. पुढच्या वर्षी त्यांचं पुस्तक निघालं आणि देशोदेशी मुलांनी आपणहून पथकं काढली. आपल्याकडे सुरुवातीला हे खेळ गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरते होते, आपल्या मुलांना त्यात जागा नव्हती. तेव्हा पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी १९१८ मध्ये सेवा समितीची स्काउट संघटना उभी केली. जत्रेत हरवलेली माणसं शोधणं, गर्दीत पाणी देणं अशी कामं आपली मुलं करू लागली. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन 'भारत स्काउट्स आणि गाइड्स' ही संस्था झाली. पुढच्या वर्षी मुलींची गाइड संघटनाही तिच्यात आली. सहावी-सातवीतल्या मुलांच्या गळ्यात आपण जो स्कार्फ बघतो, त्याच्या मागे एवढा इतिहास आहे.

आता माझ्या फजितीकडे येतो.

पहिलं मोठं शिबिर जानेवारीत होतं, तीन रात्रींचं. जागा सिंहगडाच्या मागच्या अंगाला, एका माळावर. सामानाची यादी आली. सतरंजी, पांघरूण, ताट-वाटी-पेला, टॉर्च, सुई-दोरा, काठी, शिट्टी आणि तीन मीटर दोर. मोबाइल आणायचा नाही, असं खाली ठळक लिहिलेलं. मुलं गेली. पहिली रात्र मी कशीबशी काढली. दुसऱ्या दिवशी रात्री थंडी वाढली आणि मला धाकट्याचा छातीचा भाता दिसू लागला. पत्नी नको नको म्हणत असताना मी एक स्वेटर घेतला आणि मोटरसायकल काढली.

माळाच्या अलीकडे गाडी बंद करून चालू लागलो, तोच अंधारातून आवाज आला, "थांबा! कोण आहे?" टॉर्चचा झोत माझ्या पायांवर पडला, तोंडावर नाही. तेही शिकवलेलं असतं, हे मला नंतर कळलं. पहारा करणाऱ्या दोन मुलांपैकी एक आमचा धाकटा होता. हातात काठी, डोक्याला मफलर.

"बाबा, तुम्ही का आलात?"

"स्वेटर राहिला होता तुझा."

"माझा स्वेटर माझ्या अंगात आहे. हा ताईचा जुना आहे."

मी काहीच बोललो नाही. मग तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "पंप खिशात आहे. शेकोटीच्या धुराच्या उलट्या बाजूला बसतो मी, सरांनीच सांगितलंय. तुम्ही जा आता. सावकाश जा, वळणावर खडी आहे."

श्रोतेहो, अकरा वर्षांच्या मुलानं मला वाटेला लावलं. परतताना मला राग आला होता, लाजही वाटत होती आणि छाती भरूनही आली होती. वळणावर खरोखरच खडी होती.

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर पालकांना रीतसर बोलावणं होतं. मुलांनी आमच्यासाठी माग काढायचा खेळ मांडला होता. दगडांचे बाण, गवताच्या पेंढीला मारलेली गाठ, आडव्या-उभ्या काड्यांची फुली. बाणाच्या दिशेनं जायचं, फुली दिसली की ती वाट नाही समजायचं. मी गप्पांच्या नादात फुली ओलांडून पुढे गेलो आणि करवंदीच्या जाळीत अडकलो. शेवटची खूण म्हणजे जमिनीवर काढलेलं एक वर्तुळ आणि मधोमध एक ठिपका. तिचा अर्थ, 'मी घरी गेलो.' बेडन पॉवेल ८ जानेवारी १९४१ रोजी केनियात वारले. तिथे न्येरी गावी त्यांची कबर आहे आणि तिच्या दगडावर हीच खूण कोरलेली आहे. हे मला माझ्या मुलीनं सांगितलं आणि मी त्या वर्तुळाजवळ जरा वेळ उभा राहिलो.

मग बिनभांड्याचा स्वयंपाक. बटाट्याला ओल्या मातीचा जाड लेप देऊन तो निखाऱ्यात पुरायचा. कणकेची लांब वळी सोललेल्या काठीला गुंडाळून विस्तवावर फिरवायची. आमच्या मुलीच्या गटाची वळी बाहेरून करपली, आतून कच्ची राहिली. मी म्हटलं, "छान झालीय." ती म्हणाली, "नाही झाली बाबा. आम्ही जाळावर धरली, निखाऱ्यावर धरायला हवी होती." चूक झाली तर ती कशानं झाली ते सांगायचं आणि पुढच्या खेपेला ती टाळायची, हा धडा मला पुस्तकी शिक्षणात फारसा मिळाला नव्हता. आमच्या वेळी चूक म्हणजे छडी.

रात्री शेकोटी झाली. ती विझल्यावर सर सगळ्यांना आकाश दाखवू लागले. सप्तर्षी अजून पुरते वर आले नव्हते, तेव्हा मुलांनी शर्मिष्ठेवरून ध्रुव शोधला. आपल्याकडे ध्रुव फार खाली दिसतो. जेवढा गावाचा अक्षांश तेवढीच त्याची उंची, पुण्याला साधारण साडेअठरा अंश. हात लांब करून मूठ धरली तर एका मुठीचे दहा अंश, म्हणजे दोन मुठींपेक्षा थोडं कमी. धाकट्यानं डोंगराच्या कडेवर दोन मुठी ठेवून मला ध्रुव दाखवला. गावी मी हजार रात्री अंगणात झोपलो होतो, पण ध्रुव असा मोजता येतो हे मला माहीत नव्हतं.

सगळंच काही गोड झालं, असं नाही. थोरली द्वितीय सोपानाच्या चाचणीत होकायंत्रावर नापास झाली. तिनं होकायंत्र ठेवलं ते लोखंडी पेटीच्या झाकणावर. सुई भरकटली, हिची उत्तर दिशा पूर्वेला गेली! घरी येऊन रडली. माझ्यातला पालक जागा झाला. बाईंना भेटून 'एवढ्याशा चुकीसाठी' काही करता येईल का विचारावं, असं मनात आलं. तिनंच मला अडवलं. "बाबा, डोंगरात चुकले असते तर?" महिन्याभरानं ती पुन्हा चाचणीला बसली आणि पास झाली. तो बिल्ला तिच्या बाहीवर शिवताना तिच्या आईचे डोळे का भरून आले, ते मला समजलं.

त्याच वर्षी 'खरी कमाई' झाली. घरच्यांकडून पैसे मागायचे नाहीत, काम करून मिळवायचे, असा तो उपक्रम. धाकट्यानं सोसायटीतल्या स्कूटर पुसल्या. एका गृहस्थांनी काम न घेताच नोट पुढे केली, तर यानं ती घेतली नाही, आधी गाडी पुसली.

आता त्या दिवाळीची गोष्ट. आम्ही गावी गेलो होतो. परतीचा पाऊस लांबला होता, भाताची काढणी अर्धी राहिली होती आणि नेमका सिलिंडर संपला. लाकडं ओली. मी चुलीपुढे फुंकणी घेऊन धूर करत बसलो. पूर्वी रॉकेलचा बोळा टाकायचो, आता घरात रॉकेल कुठलं? थोरली आली. तिनं ओलं लाकूड कोयत्यानं उभं चिरलं आणि आतला कोरडा गाभा काढून त्याच्या काडीएवढ्या चिरफळ्या केल्या. त्यावर करंगळीएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या. "हवेला वाट ठेवा बाबा, तुम्ही फार कोंबलंय." एका काडीत चूल पेटली. दीड वर्षापूर्वी काडी ओढायला भिणारी मुलगी ती हीच. आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "पोरगी माझ्यावर गेली." डोळ्यांत धूर गेला होता, असं ती पुढे म्हणाली.

त्याच संध्याकाळी गोठ्यात आण्णा गाईचं दावं नवं करत होते. गळ्यातला फास असा हवा, की गाईनं कितीही ओढलं तरी तो आवळता कामा नये. धाकटा टक लावून बघत होता. मग ओरडला, "आजोबा, ही तर बोलाइन!" त्यानं आपला दोर आणला आणि सरांनी शिकवलेलं म्हणत म्हणत गाठ मारली. विहिरीतून बेडूक वर आला, झाडामागून वळसा घातला, पुन्हा विहिरीत उडी मारली. आण्णांनी दोन्ही गाठी शेजारी धरून पाहिल्या. एकच गाठ! बुडणाऱ्या माणसाच्या काखेखालून घालायची तीही हीच आणि गाईच्या गळ्यातली तीही हीच. "कुनी शिकिवली रं तुला?" आण्णांनी विचारलं. "सरांनी." आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. ते काही बोलले नाहीत. मला ती गाठ येत नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं.

दोन दिवसांनी आण्णा शेताच्या बांधावरून घसरले आणि हातावर पडले. मनगट बघता बघता सुजलं. शेजारच्या वावरातली माणसं धावली. एक म्हणाला, तेल लावून चोळू. दुसरा म्हणाला, ओढलं की बसेल जागेवर. मी फोन हातात धरून रेंज शोधत फिरत होतो. तेवढ्यात थोरलीचा आवाज आला, "हात ओढायचा नाही आणि चोळायचाही नाही." चार मोठी माणसं गप्प झाली. तिनं आधी आण्णांच्या बोटातली तांब्याची अंगठी काढली. सूज उतरली की काढू असं म्हटलं असतं, तर ती कापावी लागली असती. धाकटा घराकडे पळाला आणि मी सकाळी वाचून टाकलेलं वर्तमानपत्र घेऊन आला. त्याची जाड घडी करून तिनं हाताखाली धरली, कोपरापासून तळव्यापर्यंत. दोघांनी मिळून ती रुमालांनी बांधली. आण्णांच्या पंच्याची त्रिकोणी घडी करून झोळी केली आणि गळ्यामागे रीफ नॉट मारली. ती चपटी बसते, मानेला टोचत नाही. मग नख दाबून सोडलं, रंग परत येतो का पाहिलं. "आजोबा, बोटं हलवा. मुंग्या येतात का?"

तालुक्याच्या गावी क्ष-किरण काढला. मनगटाजवळचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "हे कुणी बांधलं?" मी मुलांकडे बोट दाखवलं. ते एवढंच म्हणाले, "चांगलं बांधलंय." सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. आण्णा आज त्याच हातानं धार काढतात.

तुम्ही म्हणाल, मग सगळ्यांनी मुलांना पाठवावं का? मी म्हणेन, पाठवावं, पण डोळे उघडे ठेवून. किती मुलांमागे किती मोठी माणसं आहेत, मुलींबरोबर शिक्षिका आहेत का, पाण्याजवळ कुणाची नजर असणार, औषधांची पेटी आणि जवळचा दवाखाना कुठे आहे, हे विचारावं. तो आपला हक्क आहे आणि चांगले शिक्षक अशा प्रश्नांना रागावत नाहीत. मुलाच्या आजाराबद्दल काही लपवू नये. पण एकदा विश्वास टाकला की रात्री स्वेटर घेऊन जाऊ नये! आणि मूल परत आल्यावर 'किती बिल्ले मिळाले' एवढंच न विचारता 'काय चुकलं आणि कसं निस्तरलंस' हेही विचारावं. तिथेच खऱ्या गोष्टी ऐकायला मिळतात.

मला माझ्या मुलांचा अभिमान वाटतो, तो ती माझ्यासारखी झाली म्हणून नाही. मी जे त्यांना द्यायला विसरलो, ते त्यांनी दुसरीकडून मिळवलं आणि ते घेऊन पुन्हा आण्णांच्या गोठ्यापर्यंत आली, म्हणून वाटतो. मधली कडी मी होतो. ती निसटली होती. मुलांनी ती सांधली.

परवा धाकटा आठ दिवसांच्या शिबिराला निघाला. या खेपेला राज्याबाहेर. स्टेशनवर मी त्याच्या वळकटीची दोरी जरा आणखी आवळली आणि वरून एक गाठ ठोकली. त्यानं वळकटी खाली ठेवली, माझी गाठ नखांनी सोडवली आणि शांतपणे आपली मारली.

"बाबा, तुमची निरगाठ आहे," तो म्हणाला. "रात्री थंडीत सोडायला मलाच लागणार ना?"

गाडी हलली. मी हात वर केला. त्यानं तीन बोटांचा सॅल्यूट केला आणि आत जाऊन आपल्या जागेवर बसला. या खेपेला माझ्या हातात स्वेटर नव्हता.